धरणावर गटाने गळ टाकायला जाताना: एका दिवसाची आखणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

धरणावर एकट्याने गळ टाकायला जाणं वेगळं आणि आठ-दहा जणांना घेऊन जाणं वेगळं. एकटा असताना मी माझ्या जागेवर जातो, अडचणीच्या दगडावर बसतो, गुंता झाला तर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोडून नवीन बांधतो आणि काही लागलं नाही तरी समाधानाने परततो. गटात तसं चालत नाही. तिथे कोणी पहिल्यांदाच काठी हातात घेतलेली असते, कोणाचे गुडघे दुखत असतात, कोणाला पोहता येत नसतं आणि मुलं पाण्याकडे धावत असतात.

पहिल्यांदा नऊ जणांना घेऊन गेलो तेव्हा मी सगळ्यांना माझ्या आवडत्या कड्यावर नेलं होतं. मासा तिथे हमखास लागतो, कारण काठापासूनच पाणी दोन पुरुष खोल आहे. पण उभं राहायला जागा जेमतेम चार जणांची. सकाळचे पहिले तीन तास, म्हणजे मासा खाण्यावर असण्याचा सगळ्यात चांगला वेळ, मी एकमेकांत अडकलेल्या दोऱ्या सोडवत बसलो. दोन लहान मुलांना कड्यापासून लांब बसवून ठेवावं लागलं आणि ती दिवसभर रडवेली झाली. आमच्यातले एक काका उतारावरून खाली येऊच शकले नाहीत. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे: जागा, वेळ आणि साहित्य गटातल्या सगळ्यात नवख्या माणसाकडे बघून ठरवायचं. अनुभवी माणूस साध्या जागेवरही मासा काढतो, नवखा मात्र अवघड जागेवर फक्त घाबरतो. पुढची सगळी आखणी याच नियमावर उभी आहे.

आधी माणसांची यादी

तारीख ठरवण्याआधी कागदावर नावं लिहा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी टिपा: पोहता येतं का, आधी गळ टाकलाय का, चालण्या-चढण्याची काही अडचण आहे का, आणि कुठलं औषध चालू आहे का. हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. मधुमेह असलेल्या माणसाला वेळेवर खावं लागतं. दम्याच्या माणसाचा पंप गाडीत राहून चालत नाही, तो काठावर सोबत हवा.

दोन नवख्यांमागे एक जाणता, हे प्रमाण मला जमतं. तिघांमागे एक केला की जाणत्याला स्वतःची काठी हातात धरायलाही मिळत नाही. दहाच्या वर माणसं गेली तर दोन गट करून दोन वेगळ्या काठांवर बसवा.

यादीतच आणखी एक काम नेमून टाका. कुठल्याही क्षणी एका मोठ्या माणसाच्या हातात काठी नसली पाहिजे. आम्ही त्याला ‘काठावरचा माणूस’ म्हणतो. तो मुलांकडे, पाण्याकडे आणि आभाळाकडे बघतो. दर तासाला माणूस बदलायचा, म्हणजे कोणाचाच दिवस वाया जात नाही. तरंग्यावर, म्हणजे मासा लागल्याची खूण देणाऱ्या दोरीवरच्या तरंगत्या तुकड्यावर, नजर खिळलेल्या माणसाला शेजारी काय चाललंय ते खरंच दिसत नाही, म्हणून ही नेमणूक ‘सगळेच लक्ष ठेवू’ यावर सोडू नका.

परवानगी

धरणाची भिंत आणि जलाशय यांचं व्यवस्थापन एकाकडे आणि मासेमारीचा हक्क दुसऱ्याकडे असं अनेक ठिकाणी असतं. पाणी सरकारी खात्याचं, पण मासे मच्छीमार संस्थेचे किंवा ठेकेदाराचे. दोन्हीकडे विचारायला हवं. विचारताना नेमकं विचारा: गळाने मासेमारी चालते का, परवाना माणशी की गटाला, किती मासे आणि किती आकाराचे नेता येतात, कुठला काठ बंद आहे, आणि प्रजननाच्या काळातली बंदी कधीपासून कधीपर्यंत आहे. धरण परिसरात फोटो काढायला किंवा ड्रोन उडवायला मनाई असू शकते, तेही त्याच वेळी विचारून घ्या. परवान्याचा कागद एकाच्या खिशात आणि त्याचा फोटो दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा.

जागा निवडणं: इथे वेळ घालवा

दिवस ठरण्याच्या आठवडाभर आधी, जमल्यास त्याच वेळेला, एकदा जागा बघून या. नकाशावर सपाट दिसणारा काठ प्रत्यक्षात गुडघाभर गाळाचा निघतो. पाणी उतरलेल्या जलाशयाचा काठ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण त्या पापुद्र्याखाली मऊ चिखल असतो आणि पाय आत गेला की निघता निघत नाही. हातातल्या काठीने पुढची जमीन दाबून बघत चाला. काठी सहज आत जात असेल तर ती जागा सोडून द्या.

भिंतीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिथून नदीत सोडलं जातं तिथे, गट कधीही नेऊ नका. तिथे मासा गोळा होतो हे खरं आहे, आणि म्हणूनच माणसं तिथे जातात. पण वीजनिर्मितीसाठी किंवा साठा वाढल्यामुळे दरवाजे उघडले की कोरडे दगड काही मिनिटांत पाण्याखाली जातात. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. वरच्या बाजूलाही भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाणी ओढून घेणारे विमोचक यांच्यापासून लांबच राहा. पृष्ठभाग शांत दिसत असला तरी खाली ओढ असते.

आता मासा कुठे असेल ते बघू. नवखे लोक खोल पाणी शोधतात. उन्हाळ्यात ते बऱ्याचदा चुकतं. उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर वेगळा थर होऊन बसतं. दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे तळाशी कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू संपवला की तो भरून निघत नाही. म्हणजे खूप खोल तळ गार असला तरी माशासाठी ओसाड असू शकतो. वरच्या पाण्याचीही मर्यादा आहे: १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. म्हणून कडक उन्हात मासा सुस्तावतो, सावली धरतो किंवा जिथे ओढा येऊन मिळतो आणि वाऱ्याने लाटा उठतात तिथे सरकतो.

गटासाठी मी जलाशयाचा फुगवट्याकडचा भाग पसंत करतो, जिथे एखादा ओढा किंवा जुनी नदी आत येते. काठ सावकाश उतरता असतो आणि पाणी दहा-पंधरा मीटरवर एकदम खोल होत जातं. तिथेच जुन्या पात्राची कड असते. खाणारा मासा या कडेने फिरतो. उथळात चरायला येतो आणि चाहूल लागली की खोलात जातो. नवख्याचा गळ दहा-पंधरा मीटर सहज जातो, म्हणजे त्याचं आमिष आपोआप बरोबर जागी पडतं.

पाणी चढतंय की उतरतंय यावरही बरंच ठरतं. चढतं पाणी नव्याने बुडालेल्या गवतात शिरतं, तिथले किडे-गांडुळं बाहेर पडतात आणि मासा अगदी काठाशी येतो. उतरतं पाणी त्याला सावध करतं, तो उथळ सोडून कडेवर थांबतो. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेवर एक काटकी रोवा. तासाभराने बघा. काटकी पाण्यात गेली की कोरडी पडली, एवढ्यावरून गळ जवळ टाकायचा की लांब, ते कळतं. पाणी वेगाने चढत असेल तर सामान उचलून वर न्यायचं, हेही तीच काटकी सांगते.

वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिथे तरंगतं खाद्य गोळा होतं आणि त्यामागे मासा येतो. पण नवख्याला समोरच्या वाऱ्यात गळ टाकता येत नाही, दोरी उलटून अंगावर येते. म्हणून वारा बाजूने येईल असा कोपरा घ्या.

शेवटी, जागेच्या डोक्यावरून विजेच्या तारा जात नाहीत ना, ते बघा. कार्बनची काठी वीज वाहून नेते. गाडी किती जवळ येते, सावली आहे का, मोबाइलला रेंज आहे का, जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे आणि शौचालयाची सोय काय, हे त्याच फेरीत लिहून घ्या. बायका आणि वयस्क माणसं सोबत असतील तर शेवटच्या मुद्द्यावर जागा बदलावी लागली तरी बदला.

तंगूस, गळ, तरंगा

गटात प्रत्येकाकडे वेगळं साहित्य असलं की दिवसभर दुरुस्तीच चालते. नवख्यांसाठी सगळ्या काठ्या एकसारख्या बांधा: सव्वादोन-अडीच मीटरची काठी, साधं स्पिनिंग रीळ, ०.३० मिलिमीटरच्या आसपासचा नायलॉन तंगूस, एक तरंगा, थोडं शिसं, एक गळ. वेणीचा धागा मजबूत असतो, पण गुंतला की सुटत नाही आणि बोट कापतो. तो जाणत्यांनी वापरावा.

गळाचा आकडा जसा वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात जाण्याआधी सगळ्यांना सांगा. चिलापीसारख्या लहान तोंडाच्या माशाला १० किंवा ८ नंबर, रोहू-सायप्रिनसला ६ ते २. गटात मुलं असतील तर एक काम मी आग्रहाने करतो: पकडीने प्रत्येक गळाचा काटा, म्हणजे टोकामागची ती उलटी जीभ, दाबून सपाट करतो. दोरी ताणलेली ठेवली तर मासा तरीही सुटत नाही, आणि गळ माशाच्या तोंडातून व माणसाच्या बोटातूनही सरळ बाहेर येतो.

गाठ आदल्या रात्री घरी सगळ्यांना शिकवा. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून वीतभर टोक बाहेर काढा. ते टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग डोळ्याला लागून राहिलेल्या छोट्या फटीतून टोक परत काढा, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार झाला त्यातून पुन्हा ओवा. आता लगेच ओढू नका. गाठ ओठांशी नेऊन थुंकीने ओली करा आणि मग सावकाश आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी स्प्रिंगसारखे बसले की गाठ जमली. टोक चिमूटभर ठेवून कापा.

रिळाची पकड, म्हणजे मासा ओढू लागल्यावर रीळ किती जोराने दोरी अडवून धरतं ते, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायची असते. हे आकड्यात समजत नाही, म्हणून असं करा: दीड लिटरची पाण्याने भरलेली बाटली तंगुसाला बांधून रीळ हाताने वर उचला. पाच किलोचा तंगूस असेल तर बाटली जेमतेम उचलली जाऊन रीळ कुरकुरत दोरी सोडू लागलं पाहिजे. सोडत नसेल तर पकड सैल करा. मोठा मासा पहिल्या धावेतच तंगूस तोडून जातो, त्यामागे बहुतेक वेळा जास्त आवळलेलं रीळच असतं.

सोबतच्या पिशवीत पकड, कात्री, जास्तीचे गळ आणि शिसं, हातजाळी, जुना सुती कपडा, टॉर्च आणि कचऱ्यासाठी दोन पोती हवीत. शिसं मोजून घ्या आणि मोजून परत आणा. पाणपक्षी खड्यांबरोबर ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंसांच्या अशा मृत्यूंमुळे इंग्लंडमध्ये १९८७ सालापासून गळाच्या बहुतेक लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आहे. लोखंडी किंवा टंगस्टनची वजनं मिळत असतील तर तीच घ्या.

आमिष आणि मासा

कोण कुठे खातो हे एकदा कळलं की आमिष सोपं होतं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. चिलापी काठाच्या उथळात असते आणि मुलांच्या पहिल्या माशासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. मरळ शिकारी आहे, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते आणि श्वास घ्यायला मधूनच वर येते. शिंगाळा आणि त्याचे मिशीवाले भाऊबंद मिणमिणत्या उजेडात बाहेर पडतात.

नवख्या गटाला दोन आमिषं पुरतात: घट्ट मळलेली कणीक आणि गांडूळ. कणीक इतकी घट्ट हवी की गळावर दाबून बसवलेली वाटाण्याएवढी गोळी पाण्यात पाच मिनिटं टिकेल. मळताना थोडा कापूस पिंजून घातला तर ती लवकर सुटत नाही. गांडूळ ओल्या मातीत, सावलीत ठेवा. मासा जवळ यावा म्हणून पाण्यात सुटा चारा टाकायचा तर मूठभर, तासाला एकदा, आणि सगळ्यांनी एकाच पट्ट्यात. पोतंभर ओतलं तर मासा पोट भरून निघून जातो आणि उरलेलं तळाशी कुजतं. जिवंत मासा आमिष म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नका, आणि घरच्या टाकीतला सकर मासा तर कधीच धरणात सोडू नका. बाहेरून आलेले असे मासे मूळच्या माशांची जागा आणि अन्न घेतात.

दिवस कसा लावायचा

खरं तर पहाटेचा अंधारच माशाचा वेळ. पण अनोळखी काठावर नवख्यांना अंधारात उतरवणं मला मान्य नाही. पुरतं उजाडल्यावर काठावर पोहोचा. पहिला अर्धा तास कोणीही गळ टाकायचा नाही. या वेळात जागा वाटून द्या, काटकी रोवा, खोली मोजा.

खोली मोजायला गळाला जड शिसं अडकवून पाण्यात टाकतात. तरंगा बुडाला तर तो दोरीवर वर सरकवा, पाण्यावर आडवा पडला तर खाली. टोक तेवढं वर दिसलं की तरंग्यापासून गळापर्यंतचं अंतर म्हणजे तिथली खोली. एका काठीवर मोजा आणि बाकीच्या काठ्या तिच्याबरोबर धरून लावा.

दोन माणसांत किमान दहा पावलं ठेवा. डावखुऱ्याला रांगेच्या टोकाला बसवा, म्हणजे त्याचा गळ शेजाऱ्याच्या अंगावरून जात नाही. प्रत्येक वेळी गळ टाकण्याआधी मागे वळून बघायचं आणि मोठ्याने ‘टाकतोय’ म्हणायचं. मोठ्यांनी म्हटलं तर मुलंही म्हणतात. कोणाला मोठा मासा लागला तर शेजारच्या दोघांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून घ्यायच्या. निम्मे गुंते एवढ्या एका नियमाने टळतात.

आता तरंगा. नवखा पहिल्या थरथरीलाच झटका देतो आणि रिकामा गळ डोक्यावरून मागे जातो. त्याच्या शेजारी बसा आणि हलक्या आवाजात सांगत राहा. टकटक, टकटक असं होतंय तेव्हा चिलापी नुसती टोचतेय, थांब. तरंगा तिरका होऊन एका बाजूला सरकत पाण्याखाली जातोय, आता मनगट वर कर. कधी तरंगा बुडायच्या ऐवजी वर उचलला जातो आणि आडवा पडतो. नवख्याला वाटतं, काही नाही. पण तेव्हा तळावरच्या माशाने आमिष शिशासकट उचललेलं असतं आणि झटका त्याच क्षणी द्यायचा असतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीने हे एकदाच ऐकलं होतं. तासाभराने तिचा तरंगा पाण्यावर आडवा झाला, तिने माझ्याकडे न बघता काठी उचलली आणि काठी पार वाकली. मासा हातजाळीत येईपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता. गट घेऊन जायचं ते असं काही बघायला मिळतं म्हणून.

अकरा ते तीन सगळ्यांनी काठ्या गुंडाळून सावलीत यावं. ऊन असेल तर माणशी तीन-चार लिटर पाणी धरा. टोपी आणि चष्मा प्रत्येकाला हवा. पोलराइज्ड काच असली तर पाण्याच्या आतलं दिसतं, आणि कुठलाही चष्मा उडत्या गळापासून डोळे वाचवतो. कोणाला गरगरलं तर आडवं करा, अंग ओलं करा आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. बोलणं असंबद्ध झालं तर थांबू नका, दवाखाना गाठा. संध्याकाळचा डाव मावळतीच्या तासभर आधी आटपा, कारण सामान आवरायला नेहमी वाटतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

अपघात होऊ नये म्हणून, आणि झालाच तर

मुलांच्या अंगात पाण्याजवळ सतत जीवरक्षक जॅकेट हवं, आणि त्याचा पट्टा मांड्यांमधून आवळलेला हवा. नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर जातं आणि मूल खाली.

पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये पेलाभर पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि मुठीला पंधरा-वीस मीटर दोर बांधा. पेलाभर पाण्याच्या वजनाने कॅन नीट लांब जातो आणि तरंगतोही. सकाळच्या अर्ध्या तासात प्रत्येक मोठ्या माणसाने तो एकदा जमिनीवर फेकून बघावा. बुडणारा माणूस सहसा हात हलवून ओरडत नाही. तो उभा, गप्प, डोकं मागे टाकून पाण्याच्या रेषेवर असतो आणि अर्ध्या-एक मिनिटात दिसेनासा होतो. त्याला काठी पोहोचवा, दोर फेका, पण पाण्यात उडी घेऊ नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबत बसू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. हे येणारा एकजण तरी गटात हवा. नसेल तर जाण्याआधी एकाने शिकून घ्यावं.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काठ्या जमिनीवर ठेवा, झाडाखाली न थांबता सगळे गाडीत बसा, काचा वर करा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. मासा खाण्यावर असताना उठायला जीवावर येतं, मला चांगलं ठाऊक आहे. तरीही उठा.

बोटात गळ गेला तर आधी तंगूस कापा. काटा दाबलेला असेल तर गळ आल्या वाटेने निघतो. काटा शाबूत असेल आणि गळ खोल, सांध्यात किंवा चेहऱ्यावर असेल तर तिथे खटपट न करता डॉक्टरकडे जा. डोळ्याजवळच्या गळाला हात लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

शिंगी आणि शिंगाळ्याच्या कानाजवळच्या परांना काटे असतात, शिंगाळ्याच्या पाठीवरच्या परालाही. शिंगीच्या काट्यात विष असतं आणि ठणका तासन् तास राहतो. मासा ओल्या कपड्यात धरून मगच गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आतच, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याची उष्णता आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करू नका. माणसाला निश्चल ठेवून थेट रुग्णालयात न्या.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी दाट साय दिसली तर ते निळे-हिरवे शेवाळ असू शकतं आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. तिथे हातही धुऊ नका.

लागलेला मासा

ठेवायचा की सोडायचा हे गळ टाकण्याआधी ठरलेलं असावं. सोडायचा असेल तर हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमेला बुरशी धरते. आडवा, दोन्ही हातांवर धरा, कल्ल्यात बोट घालू नका. फोटो काढायचा तर मोबाइल तयार ठेवून मगच मासा पाण्याबाहेर काढा आणि दहा सेकंदांत परत न्या. पाण्यात पोट खाली, पाठ वर असा सरळ धरून ठेवा. शेपटी मारून तो स्वतःच हातातून निघाला पाहिजे. अंड्यांनी फुगलेली मादी नेहमी सोडा.

ठेवायचा मासा उन्हात तडफडत ठेवणं क्रूर आहे, आणि त्याने चवही जाते. डोक्यावर एकच जोरकस फटका देऊन त्याला लगेच मारा, आणि जितका मासा तितकाच बर्फ घेऊन त्यात ठेवा. बर्फाचं वितळलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे, मासा त्यात पोहत राहिला की मऊ पडतो. साफ करायचा तर आतडी, खवले पाण्यात टाकू नका, पोत्यात भरून परत न्या.

निघताना

जाताना रांगेत काठावरून एकदा चाला, प्रत्येकाने आपली दहा पावलं बघायची. तंगुसाचे तुकडे सगळ्यात आधी उचला, कारण ते शेकडो वर्षं कुजत नाहीत आणि पक्ष्यांच्या पायात अडकतात. वेटोळं पोत्यात टाकण्याआधी कात्रीने बोटाएवढे तुकडे करा. गळ मोजा, शिसं मोजा, माणसं मोजा. काठावरच्या माणसाने सगळ्यात शेवटी निघायचं आणि सकाळी रोवलेली काटकी उपटून टाकायची.

हातजाळी, बूट आणि पोती काठावरच झटका, त्यांच्यातलं पाणी तिथेच निथळू द्या. घरी पोहोचल्यावर धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच दुसऱ्या धरणावर न्या. ओल्या जाळीतून एका पाण्यातल्या वनस्पती, गोगलगायी आणि रोग दुसऱ्या पाण्यात जातात. काठ्यांचे गळ काढून डबीत ठेवा, पहिले दोन-तीन मीटर तंगूस बोटांतून ओढून बघा आणि खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका.